ग्राफपेपरवरचा थिरकवा

सर्वात आधी एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी फक्त पास होण्याचा विषय होता. त्यामुळे या विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा मला वाटलं, हॉस्टेलमधलं कोणीतरी माझी फिरकी घेतंय. पण ज्या माणसाबद्दल मला लिहायचं होतं त्याच्याबद्दल आधी इंग्रजीत लिहून बघितलं आणि दोन पानांनंतर लक्षात आलं की धा, तिट, कायदा, खाली, भरी यातलं काहीच इंग्रजीत नीट बसत नाही. म्हणून मराठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मॅडमनी सुधारल्या आहेत. बाकीच्या चुका माझ्या.

तो माणूस म्हणजे उस्ताद अहमदजान थिरकवा. तबलावादक. १९७६ साली गेले, म्हणजे माझ्या जन्माच्या जवळजवळ तीस वर्षं आधी.

आता माझा आणि तबल्याचा काय संबंध, असं लेडीज हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावरचं कोणीही विचारेल. कारण तिथे सगळ्यांना माहीत आहे की मी ड्रम वाजवते. खरे ड्रम मुंबईला घरी आहेत, इथे फक्त रबराचं एक पॅड आणि दोन काठ्या आहेत. पीएलमध्ये रात्री अकरानंतर टकटक केल्याबद्दल माझ्यावर उशा, चपला आणि एकदा एक अख्खं ड्रॉइंगचं जर्नल फेकण्यात आलेलं आहे. मी त्या सर्वांची जाहीर माफी मागते. काय टकटक चालली होती ते या लेखात सांगते.

गेल्या वर्षी गॅदरिंगसाठी मला एक ड्रम सोलो बसवायचा होता. मी मॅक्स रोच या अमेरिकन जॅझ ड्रमरचा (१९२४ ते २००७) एक सोलो निवडला. 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' असं त्याचं नाव, १९६६ च्या 'ड्रम्स अनलिमिटेड' या रेकॉर्डवरचा. त्यात दुसरं एकही वाद्य नाही. पाय तीन मात्रांचा एकच ठेका धरून बसतात आणि वर हात बोलत राहतात. जॅझ शिकणारी मुलं जगभर एक उद्योग करतात. सोलो ऐकायचा, थांबवायचा, मागे घ्यायचा, परत ऐकायचा आणि एकेक ठोका कागदावर उतरवायचा. सोलो त्या क्षणी सुचलेला असतो, त्याचं पुस्तक बाजारात मिळत नाही. आणि लिहून काढला की नुसती नक्कल हाती येत नाही, तो माणूस पुढचा विचार कसा करतो ते दिसायला लागतं. सर्किट उघडून बघण्यासारखंच आहे हे.

तर हा उद्योग घेऊन मी एका रविवारी पावसला आजोबांकडे गेले. रत्नागिरीहून भाट्याच्या पुलावरून एसटी जाते, पाऊण तासाचा रस्ता. आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी मुंबईत गिरणीत होते. लालबागच्या चाळीतल्या भजनी मंडळात तबला वाजवायचे, गणपतीला गावी आले की जाखडीला मृदंग. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. तेव्हापासून तबल्याची जोडी फडताळावर आहे. मी त्यांना हेडफोन लावून मॅक्स रोच ऐकवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला, माणूस तयार आहे असं सर्टिफिकेट दिलं आणि मग मला विचारलं की थिरकवा ऐकलास का. मी नाही म्हटलं. आजोबा चिडले नाहीत, पण नंतर बराच वेळ बोललेही नाहीत. ते मला चिडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या रात्री हॉस्टेलवर येऊन मी थिरकवा ऐकला. आणि गेले आठ महिने तेच करत्ये.

अहमदजान यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला झाला. साल बहुतेक ठिकाणी १८९२ देतात, काही जण आणखी मागे नेतात. घर वाजवणाऱ्यांचं, वडील सारंगिये. लहानपणी गाणं आणि सारंगी दोन्हीची तालीम झाली, पण मुलाचा हात तबल्याकडे वळला. बारा वर्षांचे असतील-नसतील तेव्हा ते मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे आले. मुनीर खाँ मूळचे मेरठकडचे. त्यांनी स्वतः अनेक गुरूंकडून विद्या जमवली होती, त्यामुळे त्यांच्याकडे दिल्ली, फरुखाबाद, लखनौ अशा सगळ्या घराण्यांचा माल एकत्र होता. अहमदजान अनेक वर्षं त्यांच्याकडे राहिले. आपण चार वर्षांत आठ सेमिस्टर कशीबशी काढतो आणि स्वतःला इंजिनीअर म्हणवतो!

थिरकवा हे त्यांचं आडनाव नव्हे. असं सांगतात की गुरूंचे वडील काले खाँ यांनी या पोराची बोटं तबल्यावर थिरकताना पाहिली आणि कौतुकाने हे नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की पुढे सरकारी मानपत्रांवरसुद्धा तेच लागलं.

तेव्हाची विद्या आज आपल्याला समजणं थोडं कठीण आहे. आपल्याला सगळं पीडीएफमध्ये मिळतं. तेव्हा एकेक बंदिश ही इस्टेट होती. फरुखाबाद घराण्याच्या हाजी विलायत अली खाँ यांना लखनौच्या उस्तादाची मुलगी करून दिली तेव्हा हुंड्यात पाचशे गती दिल्या अशी कथा आहे. गत म्हणजे तबल्याची एक प्रकारची रचना. हुंड्यात फ्रीज आणि मोटरसायकल मी ऐकली होती, हे नवीनच! पण त्यातून एक समजतं. जी वस्तू हुंड्यात द्यायची ती कोणी भिंतीवर लिहून ठेवत नाही. शिष्याने कानाने घ्यायची, तोंडाने म्हणायची आणि हातात बसेपर्यंत घासायची. थिरकवांच्या डोक्यात अशा शेकडो रचना होत्या आणि मागाल ती, मागाल त्या लयीत हातातून निघायची.

आता आपल्या महाराष्ट्राचा भाग. १९२० च्या दशकात थिरकवा बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला बसत. ही मंडळी १९१३ साली निघाली होती. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा ही साथ ज्यांनी ऐकली ते लोक मरेपर्यंत तिच्याबद्दल बोलत राहिले. रात्रभर चालणारी नाटकं, एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर, आणि मराठी प्रेक्षक तर असा की पद चुकलं तर पिटातून ओरडेल.

मला या भागाचं सगळ्यात जास्त नवल वाटतं. विचार करा, ज्या माणसाकडे एकट्याने तास-दीड तास वाजवता येईल एवढा साठा आहे, तो माणूस नाटकात काय वाजवतोय, तर ठेका. धुमाळी, दादरा, केरवा, त्रिताल. आमच्या भजनात आजोबा वाजवायचे तेच ठेके. बालगंधर्व गात असताना मध्ये स्वतःची हुशारी घुसवायची नाही, जागा मिळाली तर एखाद-दुसरा तुकडा, नाहीतर समेवर गाणाऱ्याला अलगद आणून सोडायचं. आणि तरी लोक निव्वळ त्या ठेक्यासाठी कान टवकारायचे. आजोबांच्या मते ठेका वाजवता येणं हीच खरी परीक्षा आहे. मी गॅदरिंगच्या बँडमध्ये गाणाऱ्या मुलाच्या आवाजावर क्रॅश सिंबल आपटत होते ते आठवून मला त्या दिवशी जरा शरम वाटली.

मग बोलपट आले. १९३१ साली 'आलमआरा', १९३२ साली मराठीत 'अयोध्येचा राजा'. नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. बालगंधर्व स्वतः १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले. गंमत म्हणजे याच १९३५ साली मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन जॅझ बँड येऊन वाजवू लागला होता. म्हणजे एकाच शहरात गिरगावची नाटकं संपत आली होती आणि कुलाब्याला जॅझ सुरू होत होतं. मला कोणी टाइम मशीन दिलं तर मी त्या वर्षीच्या मुंबईत उतरेन आणि ट्रामने दोन्हीकडे जाईन.

थिरकवा १९३६ च्या सुमारास रामपूरच्या नवाब रझा अली खाँ यांच्या दरबारात गेले. तिथे मोठमोठ्या गवयांची ये-जा होती. आग्रा घराण्याच्या फैयाज खाँपासून त्या काळच्या बहुतेक मोठ्या कलावंतांना त्यांनी साथ केली. पुढे १९४९ साली रामपूर संस्थान भारतात विलीन झालं, दरबार संपला आणि थिरकवा लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवू लागले.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. हे कॉलेज पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी १९२६ साली काढलं, तेव्हा त्याचं नाव मॅरिस कॉलेज होतं. भातखंडे म्हणजे आपला मुंबईचा मराठी माणूस, पेशाने वकील. सगळ्या देशभर फिरून, उस्तादांच्या मागे लागून, बंदिशी ऐकून त्यांनी त्या स्वरलिपीत लिहून काढल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' म्हणून सहा भागांत छापल्या. म्हणजे मी मॅक्स रोचचं जे करत होते तेच, फक्त मागे-पुढे करायचं बटण नसताना आणि समोरचा उस्ताद द्यायला तयार नसताना! आणि त्याच भातखंड्यांच्या कॉलेजात, ज्याचं सगळं बोटांत आणि तोंडात होतं असा माणूस येऊन शिकवू लागला. लिहिलेली विद्या आणि न लिहिलेली विद्या एकाच इमारतीत.

थिरकवांच्या शिष्यांची यादी मोठी आहे. आपल्याकडचे जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले, भाई गायतोंडे ही त्यातलीच नावं. मला सर्वांत जवळचे वाटतात ते निखिल घोष. त्यांनी १९५६ साली मुंबईत 'संगीत महाभारती' ही संस्था काढली आणि १९६८ साली रागतालावरच्या पुस्तकात स्वतःची नवीन लेखनपद्धती मांडली. म्हणजे खुद्द थिरकवांच्या शिष्यालाही वाटलं की हे नीट लिहिता आलं पाहिजे. मी एकटीच वेडी नाही.

त्यांनी साथीच्या तबल्याला मैफिलीत स्वतंत्र जागा मिळवून दिली, हे त्यांचं सगळ्यात मोठं काम मानलं जातं. आधीही स्वतंत्र वादन होतं, पण ते जाणकारांच्या बैठकीत. तिकीट काढून आलेल्या साध्या माणसाने एकट्या तबल्याला टाळ्या द्याव्यात, ही गोष्ट मुख्यतः थिरकवांच्या काळात आणि त्यांच्यामुळे रुजली. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हातारपणी ते लखनौ आणि मुंबई असे दोन्हीकडे असत. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौला त्यांचं निधन झालं.

आता माझी टकटक. मी यूट्यूबवरून त्यांचा एक त्रितालातला सोलो घेतला, ऑडॅसिटीत टाकला, वेग निम्मा केला आणि ग्राफबुक उघडलं. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणून सोळा कॉलम, एका मात्रेत चार बारीक चौकोन. मला वाटलं दोन रविवारांचं काम आहे.

आधी तबला म्हणजे यंत्र म्हणून काय आहे ते बघू, कारण हे इंजिनीअरिंग कॉलेज आहे. साधा गोल पडदा ताणला, जसा माझ्या ड्रमचा, तर त्याच्या कंपनांचे आकडे बेसूर येतात. मूळ कंपन १ धरलं तर पुढची साधारण १.५९, २.१४, २.३० अशी. म्हणून ड्रमला नेमका सूर ऐकू येत नाही. तबल्याच्या मधोमध जी काळी शाई असते तिच्या वजनामुळे हे आकडे सरकून १, २, ३, ४ च्या जवळ येतात, म्हणून तबला सुरात लागतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि नंतर १९३४ साली सविस्तर दाखवलं. नोबेलवाले रामन, तेच. ज्या कारागिराने पहिल्यांदा शाई घोटली त्याला बेसेल फंक्शन माहीत नव्हतं. आपल्याला एम-थ्रीला असतं आणि तरी येत नाही.

मग लिहायला बसले. तबल्यात एक सोय आहे जी ड्रममध्ये नाही. प्रत्येक ठोक्याला नाव आहे. धा, धिं, ना, ता, ति, ट, गे, क. म्हणजे तबला तोंडाने म्हणता येतो, त्याला पढंत म्हणतात. सगळे शिकणारे पहिल्यांदा घेतात तो दिल्लीचा कायदा बघा: धातिट धातिट धाधातिट धागे तिनाकिना. अक्षरं मोजा, बरोबर सोळा. पण गट कसे पडतात? तीन, तीन, एक, तीन, दोन, चार. सरळ चार-चारचे डबे करता येत नाहीत, पण शेवटी हिशोब पुरा होतो. मग हेच परत, डग्गा काढून: तातिट तातिट... याला खाली म्हणतात, आधीचं ते भरी. आणि कायदा म्हणजे अक्षरशः कायदा. या ओळीत जेवढी अक्षरं आहेत तेवढ्यांचीच उलटापालट करून पुढचं सगळं बांधायचं, बाहेरचं एक अक्षर आणायचं नाही. शेवटी तिहाई, एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर. पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एक मात्रा गप्प: पाच अधिक एक अधिक पाच अधिक एक अधिक पाच म्हणजे सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. किती सुंदर आहे हे! परम्युटेशनचं चॅप्टर असं शिकवलं असतं तर माझी केटी लागली नसती.

पण जसजसं लिहीत गेले तसतशी माझी हुशारी कमी होत गेली. पहिली अडचण, एकच नाव आणि दोन आवाज. दिल्लीच्या पद्धतीत तिट दोन बोटांनी वाजतं, मधलं आणि पहिलं. दुसरीकडे ति साठी तीन बोटं एकत्र पडतात. कागदावर दोन्ही तिट. थिरकवांकडे तर सगळ्या घराण्यांचा माल होता, त्यामुळे ते कुठे काय करतात ते ऐकूनच ठरवावं लागतं. मी एफएफटी लावून बघितलं. काही ठिकाणी फरक दिसला, काही ठिकाणी नाही.

दुसरी अडचण डग्ग्याची. डावा हात ठोका देऊन थांबत नाही. मनगट दाबून तो आवाज वर चढवतो, खाली सोडतो, जसा माणूस बोलताना आवाज वळवतो. त्याला मी कोणत्या चौकोनात लिहू? जुन्या रेकॉर्डमध्ये तर खालचे आवाज धड पकडलेच गेलेले नाहीत. शिवाय ७८ च्या रेकॉर्डची एक बाजू तीन-चार मिनिटांची. ज्या वादनाला तास लागतो ते त्या तीन मिनिटांत कोंबलेलं. आपण मूळ पुस्तक न वाचता गाइड वाचतोय असं वाटतं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. पेशकार. सोलोची सुरुवात पेशकाराने होते, आरामात, डुलत डुलत. थिरकवांचा पेशकार नावाजलेला. मी तो चौकोनात बसवायला गेले तर ठोके चौकोनाच्या रेषेवर पडेचनात. थोडे अलीकडे, थोडे पलीकडे. आधी वाटलं माझा टेम्पो चुकला. परत मोजला. टेम्पो बरोबर, सम अगदी चोख, पण मधला प्रवास त्यांच्या मर्जीने. जॅझमध्ये हेच आहे. कागदावर आठव्या भागाच्या नोट्स सरळ लिहितात आणि वाजवताना त्या झुलतात, त्याला स्विंग म्हणतात, आणि तो कोणालाही लिहिता आलेला नाही. मुरादाबादचा थिरकवा आणि अमेरिकेतला मॅक्स रोच, दोघांनी माझं एकच ग्राफबुक खराब केलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते ग्राफबुक घेऊन पावसला गेले. पहिली तीन मिनिटं लिहून झाली होती, चौदा पानं. आजोबा वाचू लागले, म्हणजे पढंत करू लागले. झटक्यानंतर त्यांची जीभ थोडी जड झाली आहे, पण बोल म्हणताना ती जडपणा विसरते. उजवा हात मांडीवर ताल धरून होता. चौथ्या पानावर ते थांबले आणि म्हणाले की इथे चूक आहे. मी म्हटलं, मशिनवर दहा वेळा बघितलंय. ते काही बोलले नाहीत, आजीला सांगून ट्रंकेतून एक वही काढायला लावली.

पिवळी पडलेली दोनशे पानी वही. पेन्सिलीने लिहिलेले बोल. लालबागच्या चाळीत रेडिओवर तबल्याचा कार्यक्रम लागला की आजोबा ही वही घेऊन बसायचे. एकदाच ऐकायला मिळायचं. मागे घ्यायचं बटण नाही, वेग कमी करणं नाही, शेजारी पोरं रडतायत, आणि पाळी असेल तर कार्यक्रम अर्धवट सोडून गिरणीत पळायचं. जे हाताला लागेल ते लिहायचं, जे निसटेल तिथे आडवी रेघ. वहीभर रेघाच रेघा. एका पानावर वर लिहिलं होतं, थिरकवा, दादर. तो कार्यक्रम त्यांनी प्रत्यक्ष ऐकला होता, अगदी मागच्या रांगेतून, आणि रात्री चालत घरी येताना बोल तोंडात घोळवत आणून चाळीच्या जिन्यातल्या दिव्याखाली लिहिले होते.

मी वीस वर्षं या माणसाची नात आहे. प्रत्येक मे महिन्यात या घरी येते. आणि मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही. ते तबला वाजवत होते तेव्हा मला तो देवळातला, गावचा वाटायचा आणि ड्रम भारी वाटायचे. शिकवा म्हटलं असतं तर त्यांनी शिकवलं असतं. तेव्हा त्यांचा डावा हात चालत होता.

त्यांच्या वहीत तोच कायदा होता. कार्यक्रम वेगळा, वर्ष वेगळं, पण कायदा तोच. आम्ही दोन्ही पानं शेजारी ठेवून तपासली. माझ्याकडे सगळे चौकोन भरलेले होते, त्यांच्याकडे सात ठिकाणी रेघा. पाच रेघा माझ्या ग्राफबुकवरून भरल्या. एका ठिकाणी त्यांचं बरोबर निघालं. मी एफएफटी बघून 'ति' लिहिलं होतं, तिथे काय यायला हवं ते त्यांना कायद्यावरून माहीत होतं, कारण मूळ ओळीत नसलेलं अक्षर तिथे येऊच शकत नव्हतं. परत ऐकलं तर खरंच. यंत्राने जे ऐकलं ते आवाज म्हणून बरोबर असेल, पण वाक्य म्हणून चूक होतं. राहिली एक रेघ. तिथे मलाही रेकॉर्डमध्ये नक्की ऐकू येत नाही आणि त्यांनाही आठवत नाही. तिथे आम्ही दोघांनी मिळून रेघच ठेवली.

आता दर रविवारी सकाळच्या एसटीने मी पावसला जाते. फडताळावरची जोडी खाली आली आहे. शाई थोडी तडकली आहे, पण चालेल असं आजोबा म्हणतात. ते पढंत करतात, मी वाजवते. डग्ग्यावर माझं मनगट अजून दगडासारखं आहे. ते कसं सैल सोडायचं हे त्यांना हाताने दाखवता येत नाही, म्हणून ते माझ्या मनगटावर आपला उजवा हात ठेवून दाबतात आणि सोडतात. ही गोष्ट चौदा पानांत कुठेच नव्हती.

यंदाच्या गॅदरिंगला मी मॅक्स रोचच वाजवणार आहे, घाबरू नका. पण मध्ये सोळा-सोळा मात्रांची आठ आवर्तनं धातिटची असतील, ड्रमवर. ओळखू आली तर टाळी द्या.

शेवटी एक विनंती. आपल्या हॉस्टेलमध्ये संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर, सगळीकडची मुलं-मुली आहेत. तुमच्या घरी कोणाचे आजोबा भजनात तबला-पखवाज वाजवत असतील, शिमग्याला ढोल धरत असतील, जाखडीला बसत असतील. या सुट्टीत घरी गेलात की त्यांच्याकडे एखादी वही आहे का विचारा. वही नसेल तर मोबाईल समोर ठेवा आणि त्यांना नुसते बोल म्हणायला सांगा. लिहून काढायचं काम मी करीन. माझ्याकडे ग्राफबुकं भरपूर आहेत.